मास कॉम तर ठरलं, पण स्पेशलायझेशन कोणतं? वर्ध्याच्या विद्यार्थ्यांनी आधी हे गणित समजून घ्यावं

बी.ए.चा निकाल लागतो आणि आर्वी, हिंगणघाट, देवळी, समुद्रपूर अशा कुठल्याही तालुक्यातल्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न फिरायला लागतो. पुढे काय? त्याचं उत्तर 'मास कॉम' असेल, तर लगेच दुसरा प्रश्न येतो. त्यात स्पेशलायझेशन कोणतं?

सल्ल्यांची कमी नसते. "डिजिटल घे, स्कोप तिकडेच आहे." "पीआरमध्ये पैसा आहे." "प्रिंट संपलं आता." "तुझा आवाज चांगला आहे, टीव्हीला जा."

पण दोन वर्षांच्या पदवीत स्पेशलायझेशन म्हणजे नेमके किती तास असतात, पदवीवर त्याने किती फरक पडतो, हे फारसं कुणी सांगत नाही. शेतीच्या पैशावर नागपूर-पुण्यात खोली करून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ही माहिती महत्त्वाची आहे. कारण निवड चुकली तर वर्ष जातं, आणि त्या वर्षाचं खोलीभाडंही.

तर हे सगळं प्रकरण टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

88 क्रेडिटचं गणित

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये राज्यातल्या विद्यापीठांसाठी पदव्युत्तर पदवीचा आराखडा ठरवून दिला. दोन वर्षं, चार सत्रं, प्रत्येक सत्रात 22 क्रेडिट. एकूण 88.

त्यातले 54 क्रेडिट सगळ्यांना सारख्याच असलेल्या अनिवार्य विषयांचे असतात. संवादाचे सिद्धांत, माध्यम कायदे, माध्यमांचा इतिहास वगैरे या गटात येतं. ऐच्छिक विषय, म्हणजे ज्याला विद्यार्थी इलेक्टिव्ह म्हणतात, ते दर सत्रात 4 याप्रमाणे 16 क्रेडिटचे. संशोधन पद्धतीला 4, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला 4 आणि शेवटच्या दोन सत्रांतल्या संशोधन प्रकल्पाला मिळून 10.

आता हेच तासांत बघा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास आणि प्रात्यक्षिकाचा 30 तास. चारही ऐच्छिक विषय थिअरीचे घेतले, तर दोन वर्षांत जेमतेम 240 तास होतात. दुसरीकडे ओजेटी आणि प्रकल्प मिळून 14 क्रेडिट, म्हणजे 420 तास.

म्हणजे 'मी डिजिटल घेतलं' किंवा 'मी पीआर घेतलं' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या नावाखाली वर्गात मिळणारा वेळ पूर्ण पदवीच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी असतो. त्याहून कितीतरी जास्त वेळ प्रकल्प आणि कामाच्या अनुभवासाठी राखलेला आहे. तो कशावर घालवायचा, हे बऱ्याच अंशी विद्यार्थ्याच्या हातात असतं.

मात्र हा आराखडा राज्याच्या विद्यापीठांसाठी आहे. केंद्रीय, अभिमत आणि खासगी विद्यापीठांची रचना वेगळी असू शकते. काही ठिकाणी स्पेशलायझेशन पहिल्याच दिवशी ठरतं, काही ठिकाणी दुसऱ्या वर्षी. काही ठिकाणी ते पदवीच्या नावात लिहिलेलं असतं, काही ठिकाणी गुणपत्रिकेवरच्या विषयांच्या यादीपुरतंच दिसतं. म्हणून प्रवेशाआधी माहितीपुस्तिकेतलं क्रेडिटचं कोष्टक उघडून बघणं हे पहिलं काम.

एकच बोंडअळी, सहा वेगळी कामं

स्पेशलायझेशनची नावं ऐकून फारसं काही कळत नाही. काम बघितलं की कळतं. त्यासाठी वर्ध्याच्या माणसाला चांगलाच ठाऊक असलेला विषय घेऊ, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. बीटी कापूस 2002 मध्ये भारतात आला तो बोंडअळीला रोखण्यासाठी. पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं आतून पोखरली. आता या एका विषयावर संवादाच्या क्षेत्रातली सहा माणसं काय करतील?

पत्रकारिता: बातमीदार तहसील कार्यालयात जाऊन पंचनामे किती झाले ते विचारेल. बियाण्याच्या पाकिटावरचा दावा आणि शेतातली परिस्थिती ताडून बघेल. मदत जाहीर कधी झाली आणि खात्यात कधी आली, याचा माग ठेवेल. छापील पेपर असो की वेबसाइट, या कामाचा गाभा सारखाच आहे: कागद मागणं, माणसांशी बोलणं आणि उलटतपासणी. वेबसाइटवाल्याला त्याच्या जोडीला शीर्षक, सर्च, ग्राफिक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या खोट्या उपायांची पडताळणीही करावी लागते.

टीव्ही आणि व्हिडिओ: इथे बोंड फोडल्यावर आतली अळी कॅमेऱ्यात नीट दिसली पाहिजे. प्रकाश, आवाज, एडिटिंग आणि पहिल्या दहा सेकंदांत प्रेक्षकाला थांबवणं हे रोजचं काम. कॅमेऱ्यासमोर बोलणारा एक असतो, मागे राबणारे अनेक. नोकऱ्याही मागच्या कामात जास्त असतात.

जनसंपर्क: समजा बियाणं कंपनीवर आरोप झाले. कंपनीचं म्हणणं मांडणारं निवेदन कोण लिहितं? पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देतं? हे जनसंपर्काचं काम. कृषी विभागाची बाजू मांडणाराही जनसंपर्कच करतो. इथे एक गोष्ट स्वतःला स्पष्ट विचारावी लागते. बातमीदार वाचकासाठी काम करतो, जनसंपर्कवाला संस्थेसाठी. दोन्ही कामं प्रामाणिकपणे करता येतात, पण एकाच वेळी दोन्ही करता येत नाहीत.

जाहिरात: पुढच्या हंगामात नवं वाण विकायचं आहे. भिंतीवर काय रंगवायचं, कृषी केंद्राच्या फलकावर कोणते चार शब्द लिहायचे, कोणत्या गावात कोणत्या महिन्यात प्रचाराची गाडी फिरवायची? इथे कल्पनेइतकंच महत्त्व बाजाराच्या अभ्यासाला असतं. मोठ्या जाहिरात संस्थांचं काम मुख्यतः मुंबई-पुण्यात एकवटलेलं आहे, हेही लक्षात घ्यावं लागतं.

विकास संवाद: फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवू नका, कामगंध सापळे लावा. सांगायला हे तीन संदेश सोपे आहेत. पण शेवटच्या वेचणीतून चार पैसे येणार असतील, तर शेतकरी फरदड का सोडेल? तो सल्ला कुणाचा ऐकतो, कृषी सहायकाचा, दुकानदाराचा की शेजाऱ्याचा? हे समजून घेऊन संदेश तयार करणं आणि त्याने खरंच फरक पडला का ते तपासणं, याला विकास संवाद म्हणतात.

माध्यम संशोधन: संशोधक शंभर शेतकऱ्यांना विचारेल की बोंडअळीची माहिती पहिल्यांदा कुठून मिळाली. किंवा दोन पेपरांतल्या तीन महिन्यांच्या बातम्या काढून मोजेल, की किती बातम्यांमध्ये शेतकऱ्याचं म्हणणं होतं आणि किती नुसत्या अधिकाऱ्यांच्या निवेदनावर होत्या. ज्याला मोजायला, वर्गवारी करायला आणि शांत बसून लिहायला आवडतं, त्याचं हे काम.

याशिवाय चित्रपट आणि माहितीपट हा स्वतंत्र रस्ता आहेच. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या आणि पी. साईनाथ यांची पत्रकारिता यावर दीपा भाटिया यांनी केलेला 'नीरोज गेस्ट्स' हा 2009 चा माहितीपट या दृष्टीने बघण्यासारखा आहे. पण फिल्मचं शिक्षण खर्चिक असतं आणि मास कॉममधला एखादा ऐच्छिक विषय म्हणजे फिल्म स्कूल नव्हे.

ही सहा कामं वाचताना ज्या एका कामाशी आपण थोडं थांबलो, तिथे स्वतःबद्दल काहीतरी कळतं. 'स्कोप' हा शब्द त्यानंतर येतो.

वर्ध्यात हा विषय नवा नाही

विकास संवाद हे नाव ऐकून अनेकांना वाटतं, हे काहीतरी एनजीओवाल्यांचं प्रकरण असणार. पण वर्ध्याला या कामाची जुनी ओळख आहे. विनोबांनी 1923 मध्ये वर्ध्यातून 'महाराष्ट्र धर्म' हे मराठी नियतकालिक सुरू केलं. राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 मध्ये वर्ध्यात स्थापन झाली आणि तिच्या परीक्षांनी बिगरहिंदी भागांत हिंदी पोहोचवली. ग्रामोद्योगाची साधनं लोकांना प्रत्यक्ष बघता यावीत म्हणून उभारलेल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते झालं. नियतकालिक, परीक्षा, संग्रहालय ही तिन्ही संवादाचीच माध्यमं, फक्त प्रत्येकाचा प्रेक्षक वेगळा.

आजही हे क्षेत्र जिवंत आहे. कम्युनिटी रेडिओला 2002 मध्ये शिक्षणसंस्थांसाठी आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी परवानगी मिळाली. साताऱ्यातल्या म्हसवडला 2008 पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेलं 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' म्हणजेच 'पारी' ग्रामीण भारतावरच्या गोष्टी मराठीसह अनेक भाषांत प्रसिद्ध करतं. वर्धा-यवतमाळ पट्ट्यात शेती, पाणी आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना अहवाल, व्हिडिओ आणि प्रशिक्षण साहित्य तयार करणारी माणसं लागतात. ज्याला कपाशी कळते, वऱ्हाडी बोलता येतं आणि कॅमेरा चालवता येतो, असा माणूस बाहेरून आणणं सोपं नाही.

वर्ध्यातून कुठे जाता येतं?

सगळ्यात जवळचा पर्याय वर्ध्यातच आहे. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. अशा विद्यापीठाची कल्पना 1975 मध्ये नागपूरला झालेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनातून पुढे आली आणि 1997 मध्ये हे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झालं. तिथे जनसंचार विभाग आहे, शिवाय नाट्य आणि चित्रपटासाठी प्रदर्शनकारी कला विभाग वेगळा आहे. म्हणजे इथे फिल्म की जनसंचार ही निवड मुळात विभागाचीच निवड ठरते. शिक्षण हिंदीतून होतं.

दुसरा पर्याय नागपूरचा, रेल्वेने साधारण 75-80 किलोमीटरवर. पत्रकारितेच्या शिक्षणात नागपूर जुनं आहे. अमेरिकन प्राध्यापक रोलंड वोल्सली 1952 मध्ये हिस्लॉप कॉलेजात आले आणि तिथला पत्रकारिता विभाग उभा राहिला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचाही जनसंवाद विभाग आहे. पेपरांची कार्यालयं याच शहरात असल्याने इंटर्नशिपसाठी गाव सोडून फार लांब जावं लागत नाही.

तिसरा पर्याय वर्धा नदीपलीकडे, अमरावतीत. भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे आयआयएमसी, हिचं पश्चिम विभागीय केंद्र तिथे आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका करता येते. ही पदविका एका वर्षाची आहे. लवकर कामाला लागायचं असेल तर तिचा फायदा होतो. पण पुढे नेट आणि प्राध्यापकीचा विचार असेल, तर एक वर्षाची पदविका ही सहसा एम.ए.ची जागा घेत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पुण्या-मुंबईत पर्याय वाढतात आणि खर्चही. तिथे एम.ए.बरोबर संवाद विषयातली एम.एस्सी. आणि एमबीएसुद्धा दिसते. कम्युनिकेशनमधलं एमबीए हे साधारणपणे जाहिरात, ब्रँड आणि कॉर्पोरेट कामाकडे नेतं. बातमीदारी शिकायची म्हणून तिथे लाखो रुपये भरणं म्हणजे नांगरटीसाठी कार विकत घेण्यासारखं.

ज्याकडे कुणी बघत नाही तो प्रश्न: भाषा

वर्ध्याच्या विद्यार्थ्यासाठी स्पेशलायझेशनइतकीच, किंबहुना त्याहून मोठी निवड भाषेची असते. वर्ध्यात राहिलं तर शिक्षण हिंदीतून. अमरावतीच्या पदविकेला मराठी. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच वर्गांत इंग्रजी.

याचा थेट परिणाम कामावर होतो. मराठी बातमीदारीसाठी मराठी लेखन पक्कं लागतं. दोन वर्षं सगळं हिंदीत लिहिलं आणि नंतर मराठी पेपरच्या चाचणीला बसलं, की वाक्यं अडखळतात. कॉर्पोरेट जनसंपर्कात निवेदनं बहुतेक इंग्रजीत तयार होतात आणि मग मराठी-हिंदीत येतात. विकास संवादात अहवाल इंग्रजीत आणि गावातलं बोलणं वऱ्हाडीत, अशी दुहेरी कसरत असते.

म्हणून हिंदी विश्वविद्यालयात शिकणाऱ्याने आठवड्याला एक तरी मजकूर मराठीत लिहिण्याची सवय ठेवली, तर बाहेर पडताना त्याच्याकडे दोन भाषा असतात. नागपूरसारख्या शहरात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही भाषांतली वर्तमानपत्रं निघतात. तिथे दोन भाषांत सफाईने लिहिणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

नेट-पीएचडी करायची असेल तर?

इथे एक मोठा गैरसमज आहे. पीआर घेतलं तर नेट वेगळी, पत्रकारिता घेतली तर वेगळी, असं काही नसतं. यूजीसी-नेटमध्ये 'जनसंवाद आणि पत्रकारिता' हा एकच विषय आहे. एम.ए.ला काहीही निवडलं, तरी पेपर तोच. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा, एकूण 300 गुण. पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 55 टक्के आणि आरक्षित प्रवर्गांसाठी 50 टक्के गुण लागतात.

आणखी एक अडचण म्हणजे हा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच येतो, मराठीत नाही. मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याने पारिभाषिक शब्द सुरुवातीपासून दोन भाषांत लिहून ठेवले, तर शेवटी धावपळ होत नाही.

या वाटेवर पैशाचा आधारही आहे. 2023 पासून जेआरएफची रक्कम महिन्याला 37,000 रुपये आहे. त्याशिवाय पीएचडीसाठी राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्ती असतात. अटी आणि जागा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघाव्यात.

प्राध्यापकी किंवा संशोधन हे ध्येय असेल, तर ऐच्छिक विषयाच्या नावापेक्षा संशोधन पद्धतीचा पेपर आणि प्रकल्प जास्त कामी येतो.

आणि नोकरी?

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अनेक वार्ताहरांना नियमित पगार नसतो. मानधन तुटपुंजं आणि जोडीला जाहिराती मिळवण्याची अपेक्षा, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी आहे. 'पत्रकारिता घेतो आणि गावातूनच करतो' असं ठरवणाऱ्याने सुरुवातीची दोन-तीन वर्षं घर कसं चालणार, याचा हिशोब आधी मांडावा.

प्रेसनोट पुन्हा लिहिणं, साधं भाषांतर, ठरावीक साच्याची बातमी ही कामं आता एआय टूल्स मिनिटात करतात. नवख्या उमेदवाराला पूर्वी हीच कामं देत असत. त्यामुळे 'डिजिटल' म्हणजे फक्त कॉपी-पेस्ट आणि थंबनेल असं शिकवणारा विभाग असेल, तर नाव कितीही आधुनिक असो, त्याने फारसं काही मिळणार नाही. ठिकाणावर जाणं, माणसाला बोलतं करणं, कागदपत्र वाचता येणं या गोष्टींची गरज मात्र कायम आहे.

सरकारी वाटही आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती कार्यालय असतं आणि माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली अधिकारी पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. त्यासाठी पत्रकारितेचं शिक्षण आणि कामाचा अनुभव बघितला जातो. म्हणून शिकतानाच्या आणि नंतरच्या कामाची प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. जाहिरात निघेल तेव्हा अनुभव कागदावर दाखवावा लागतो.

मग निवडायचं कसं?

प्रवेश अर्ज भरण्याआधी एक छोटा प्रयोग करता येतो. गावातला एकच विषय घ्यायचा. उदाहरणार्थ बाजार समितीतला कापसाचा भाव, बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांतला वन्यप्राण्यांचा त्रास किंवा एसटीची बंद झालेली फेरी. त्यावर चार गोष्टी करून बघायच्या. 500 शब्दांची बातमी, दोन मिनिटांचा व्हिडिओ, ग्रामपंचायतीच्या वतीने एक निवेदन आणि वीस लोकांना विचारलेल्या पाच प्रश्नांचा तक्ता. पंधरा दिवसांत कळतं, कोणतं काम करताना वेळ गेलेला समजला नाही आणि कोणतं ओढून-ताणून पूर्ण केलं.

मग कॉलेज निवडताना विभागाला चार प्रश्न विचारायचे. हवा असलेला ऐच्छिक विषय यंदा खरंच सुरू आहे की फक्त माहितीपुस्तिकेत आहे? कारण पुरेसे विद्यार्थी नसले किंवा शिकवणारा नसला, तर पर्याय कागदावरच राहतो. तो विषय कोण शिकवतं, पूर्णवेळ प्राध्यापक की तासिका तत्त्वावरचे? कॅमेरे, एडिटिंगचे संगणक आणि स्टुडिओ विद्यार्थ्यांना आठवड्यातून किती वेळ मिळतात? मागच्या तुकडीने ओजेटी कुठे केली आणि प्रकल्प कशावर केले? याची उत्तरं कार्यालयापेक्षा शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जास्त मोकळेपणाने देतात.

प्रवेश झाल्यावर एक गोष्ट विसरायची नाही. ऐच्छिक विषय, ओजेटी आणि प्रकल्प हे तिन्ही एकाच दिशेने ठेवायचे. विषय विकास संवाद, ट्रेनिंग जाहिरात एजन्सीत आणि प्रकल्प मालिकांवर, असं झालं तर दोन वर्षांनी हातात तीन सुटे तुकडे राहतात. तेच तिन्ही कापूस उत्पादकांपर्यंत माहिती कशी पोहोचते या एका प्रश्नाभोवती ठेवले, तर मुलाखतीत दाखवायला सलग काम असतं. प्रकल्प शेवटच्या महिन्यात कुणाचा तरी जुना बघून उरकला, तर 300 तासांची संधी वाया जाते. आणि मनाजोगतं स्पेशलायझेशन मिळालं नाही, तरी प्रकल्पाचा विषय आपला निवडता येतो.

पदवीवर शेवटी 'एम.ए. जनसंवाद' एवढंच लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. नोकरी देणारा त्याखालचा बारीक मजकूर वाचत नाही. तो विचारतो, काय केलंय ते दाखवा.